उघड्या पाठीची कमान

वैजापूरला मेहुण्यांच्या घरी लग्न होतं. जेवायला बसणारच होतो, तेवढ्यात सुमनवहिनींचा, भास्करच्या बायकोचा, फोन आला. एरवी त्या मला कधी फोन करत नाहीत. "भाऊजी, हे उठंना झालेत," एवढंच म्हणाल्या. मागं कुणी शेजारीण ओरडत होती, दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या... मी ताट तसंच ठेवलं आणि मिळेल त्या गाडीनं निघालो. रस्ताभर फोन लावत होतो, कुणी उचलत नव्हतं. सिडकोतल्या त्यांच्या घरी पोचलो तोवर भास्करला दवाखान्यातून परत आणलेलं होतं. मे महिन्याचं ऊन, दारात चपलांचा ढीग... खाली थांबवेना म्हणून मी जिना चढून गच्चीवरच्या खोलीत गेलो. तिथंच काम करता करता तो कोसळला होता. सतरंजीवर पिवळट चुरा पसरला होता. बाकाला त्याची कमान, लाकडाचं धनुष्य, बांधलेली होती, आणि तिच्या पाठीवरचा सगळा लेप त्यानं खरवडून काढला होता. पाठ उघडी पडली होती, आणि पाऊस तोंडावर आलेला.

मित्र गेल्याच्या दिवशी एखाद्या धनुष्याची काळजी करत बसणं विचित्र वाटेल. पण मला ती वाटली, आणि पुढचे कितीतरी दिवस सुटली नाही.

भास्कर आणि मी वाळूजच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होतो. तो मोटारसायकलच्या टाक्यांना रंग मारायचा, मी पुढं त्या तपासायचो. कामात एकदम चोख, पण स्वस्थ म्हणून कधी बसायचा नाही. शिफ्टच्या बसमध्येसुद्धा दोन थांबे आधी उठून दाराशी उभा राहायचा. त्याची मुलगी प्रज्ञा शाळेत असताना तिरंदाजी शिकायला लागली. पहिल्यांदा तिला खेळताना बघून आला आणि मला म्हणाला, "सुन्या, ती बोटभर प्लास्टिकची पट्टी ओढतीय रे. लाकडाची कमान कशी असती ते दाखवतो तिला." धनुष्य हा शब्द त्यानं कधी वापरला नाही. कायम कमान.

पहिल्या दोन कमानी ओढताना मोडल्या. मग कुठूनसं त्याला कळलं, की जुन्या काळी लाकडाच्या पाठीवर जनावराच्या पायाची शीर चिकटवायचे. ओढताना धनुष्याची बाहेरची बाजू ताणली जाते, तिला पाठ म्हणतात, आणि लाकूड तिथंच फाटतं. शीर ते फाटू देत नाही. झालं! हा खाटकाकडून म्हशीच्या पायाच्या शिरा घेऊन आला. गच्चीवर वाळवल्या, ठेचल्या, त्यांचे केसासारखे धागे काढले, गरम सरसात बुडवून धामणाच्या लाकडावर एकावर एक बसवले. वासानं शेजारीपाजारी हैराण. वहिनींनी महिनाभर गच्चीवर कपडे वाळत घातले नाहीत. "लोक पापड वाळवतात, आमच्याकडं हे," म्हणायच्या, आणि हसायच्याही.

कमान झाली छानच. खरा छळ त्यानंतर सुरू झाला. सरस आणि शीर दोघांनाही ओल सोसत नाही. पावसाळी हवेत ती पाणी पितात, मऊ पडतात, धागे लाकडापासून सुटायला लागतात. म्हणजे वरून काहीतरी लेप हवाच. भास्कर पेंटर! त्यानं कारखान्यात टाक्यांवर मारतात तसला क्लिअर कोट मारला. आरशासारखी चमक आली. प्रज्ञानं कमान ओढली आणि बारीक कर्रकर्र ऐकू आलं. कोटाला आडव्या भेगा गेल्या होत्या. टाकीला कुठं वाकायचं असतं? कमान दर बाणाला वाकते. पुढं श्रावणात त्या भेगांतून ओल आत गेली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळेना. पाठीला फोड आल्यासारखे फुगवटे आले.

मग जवसाचं तेल. ते धाग्यांत मुरलं, पण वाळता वाळेना. हात लावला की चिकट, आणि धूळ बसून पाठ काळी पडली. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, आपले सुतार ज्याला चपडा म्हणतात ती. पातळ हात दिला तर वाकताना तडकत नव्हती, पण पावसाची झड लागली की पांढरी पडायची. तिच्यावर मधमाश्यांचं मेण चोळलं तेव्हा बरंच जमलं. मला तर वाटलं, जमलंच. पण भास्करचं समाधान होईना. पुढच्या उन्हाळ्यात सगळं खरवडलं आणि पुन्हा पहिल्यापासून. क्रांती चौकातल्या हार्डवेअरवाल्याला तो दिसला की घाम फुटायचा. "असं द्या की एकदा लावलं की परत बघायला नको," ही याची मागणी. दुकानदार म्हणायचा, "साहेब, असं काही असतं तर मी माझ्या घराच्या स्लॅबला नसतं लावलं?"

दरम्यान प्रज्ञा मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली. तिथंही ती सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन बाण मारायची. कमान मात्र इथंच. एकदा ती सुट्टीला आली होती, मीही होतो. ती म्हणाली, "पप्पा, ह्या वेळी मी कमान घेऊन जाते."

"एक पावसाळा बघू दे."

"तुम्ही दर वर्षी हेच म्हणता."

"पुण्याची हवा लई ओली असती, बाळा. दोन महिन्यांत पाठ सुटंल."

"सुटू द्या ना. माझ्या हातात सुटू द्या."

भास्करनं कमान उचलून परत खुंटीला लावली. त्यानंतर तिनं पुन्हा मागितली नाही. यायची, जेवायची, आईशी गप्पा मारायची, गच्चीवर जायची नाही. तो जिन्याच्या तोंडाशी घुटमळायचा, काहीतरी विचारायचं असल्यासारखा... आणि वर निघून जायचा.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. वळवाचे ढग रोज दुपारी येऊन जात होते. मी दर एक-दोन दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन डबे उघडून बघत होतो. चपडा होता, मेण होतं, जवसाचं तेल होतं. नवीन काही सापडलं होतं का त्याला? की नेहमीसारखंच खरवडलं होतं? हार्डवेअरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, बऱ्याच दिवसांत आले नाहीत. शेवटी मी प्रज्ञाला म्हणालो, "मी चपडा मारतो, वर मेण. लवकर उरकलं पाहिजे."

ती बाकाशी उभी होती. म्हणाली, "आधी मी ओढून बघणार."

"उघडी? अगं, हाताचा घामसुद्धा लागायला नको तिला!"

"काका, इतकी वर्षं हिला जपणंच चाललंय. हिनं बाण कुणी मारलेत?"

माझाही आवाज चढला. तुझ्या बापानं जीव ओतला यात, असं काहीतरी बोलून गेलो. तीही तडकली. "माहितीय मला! माझ्यासाठी केली होती ना?" वहिनी चहा घेऊन वर आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"भांडू नका," म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी म्हणत होते, पोरगी आली की तिलाच इचारतो काय लावायचं ते. आता तिची तिलाच देऊन टाकतो. मला वाटलं, असंच बोलतेत. रोजच काहीबाही बोलायचे..."

प्रज्ञा खाली बसली. त्या चुऱ्यातच. वहिनींनी चहा ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. मी गच्चीवर जाऊन कठड्याला टेकलो. आत मायलेकी रडत होत्या. भास्कर गेल्यापासून प्रज्ञाला रडताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मोकळ्या मैदानावर गेलो. हवा कोरडी होती. तिनं गुडघ्याला टेकवून कमान वाकवली, दोरी चढवली, आणि सावकाश, थोडी थोडी करत ओढली. मी कान देऊन होतो. कर्रकर्र नाही, काही नाही. बाण सुटला तो गवताच्या पेंढीत जाऊन बसला. वहिनी हळूच म्हणाल्या, "गेला की गं!" प्रज्ञानं मागं वळून पाहिलं नाही. लगेच दुसरा बाण लावला.

त्याच दुपारी तिनं लेप लावला. चपड्याचे अगदी पातळ हात, मध्ये वाळू देत, वर मेण. "अजून एक हात दे," मी न राहवून म्हणालो.

"नको. जाड झालं की तडकतं."

"मग पावसात पांढरं पडंल की."

"पडेल. मग पुसायचं, परत लावायचं. दर वर्षी मी लावीन, काका."

ती कमान घेऊन पुण्याला गेली. त्याला आता काही आठवडे झाले. पाऊस चांगलाच लागलाय. उघडीप मिळाली की वहिनी गच्चीवर पुन्हा कपडे वाळत घालतात, खोलीची खिडकी उघडी ठेवतात. मला मात्र चैन पडत नाही. ढग दाटले की पुण्याच्या हवेचा विचार येतो. परवा रविवारी राहवलं नाही, फोन लावला.

"काय म्हणते कमान?"

"पाठीवर थोडं पांढरं आलंय," प्रज्ञा म्हणाली. मागं माणसांचा गलका होता, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"बघ! मी म्हणत नव्हतो? एखादा धागा सुटला असंल. मग आता?"

"सुटलाय एक. संध्याकाळी सरस लावून बसवते. आता ठेवते काका, बाण मारायला माझा नंबर आलाय."