एक पाऊल अलीकडे

अमेरिकेत ताईकडे गेलो असताना एका शनिवारी दुपारी निखिलचा, माझ्या भाच्याचा, कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायचा, सामना पाहिला. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा गडी. फेकायला कुणी मोकळं दिसलं नाही की तो चेंडू घेऊन स्वतःच पळतो आणि समोरचे धिप्पाड गडी त्याच्यावर तुटून पडतात. गेल्या वर्षी असंच पळताना त्याचा उजवा खांदा निखळला होता. पाय पुढे करून घसरत खाली बसलं, तर मात्र कुणी धडक द्यायची नाही, पण डाव तिथेच थांबतो, असा नियम आहे.

शेवटच्या मिनिटाला तो पळाला. जिंकायला ओलांडायची ती रेषा एका पावलावर आली.

"बस रे, खाली बस!" ताई मराठीत ओरडली.

तो बसला, रेषेच्या अलीकडे. मागून हुर्यो उठली.

"एकच पाऊल होतं गं," भावोजी पुटपुटले.

"गेल्या वर्षीही एकच होतं."

आपल्या कबड्डीत अंगावर चार जण घेऊन मधल्या रेषेकडे हात ताणणाऱ्याला टाळ्या मिळतात. इथे माघारीला नियमाचं संरक्षण आहे, पण ते अंगापुरतं. हुर्योपासून वाचवणारा नियम कुठल्याच खेळात नाही.

निखिल उठला, गवत झटकलं आणि आमच्याकडे न बघता मैदानाबाहेर निघाला.

"रागावलाय तुझ्यावर," भावोजी म्हणाले.

"रागावू दे," ताई म्हणाली आणि चालताना त्याचा उजवा हात मोकळा हलतोय ना, ते बघत राहिली.