खिशातला प्लग

आमच्या कॉलेजची खरी सत्ता एका माणसाच्या शर्टाच्या खिशात असे, असं तिथं शिकवणारा मी अनेक वर्षं मानत आलो. सत्ता बोटाएवढी होती आणि तिला पेट्रोलचा वास यायचा. गवत कापायच्या मशीनचा तो प्लग. मशीन बंद केलं की आमचे माळी, कटरवाले चाचा, तो काढून खिशात टाकत. त्याच्याशिवाय ते सुरू होत नाही. "कुणाचा हात कवा शिवशिवंल, काय सांगावं," म्हणायचे.

कंधारहून पहिल्या बसनं येत आणि आधी काठीनं गवत चाळत. खडे, तारा, बाटल्यांची बुचं वेचत. मग बूट, चष्मा, गळ्यापर्यंत गुंड्या. मशीन जमिनीवर टेकवून, एका हातानं दाबून धरून मगच दोरी ओढायची. खांद्यावर लटकवून कधीच नाही. त्याआधी सगळ्यांना हुकूम: "पंधरा पावलं मागं." रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी बारा पुरेत असं समजावून पाहिलं. चाचा म्हणाले, "सर, पात्यानं उडालेल्या दगडाला डिग्री कळत न्हाई."

गरम मशीनमध्ये ते पेट्रोल ओतत नसत. "पळून आलेल्या बैलाला लगेच पाणी पाजतेत का?" मशीन गार होईपर्यंत चहा. मशीन आधी गार झालं तरी चहा पुरा व्हायचा.

मग कॉलेजनं नवं मशीन घेतलं आणि प्राचार्यांना उद्घाटन सुचलं. संस्थेचे सचिव स्वतः दोरी ओढणार होते. चाचांची नेमणूक कंत्राटी. पुढच्या वर्षीच्या कागदावर त्याच महिन्यात सचिवांची सही व्हायची होती. हिरवळीच्या कडेला सोफा मांडला, मागे बांबूंना सचिवांचा हात जोडलेला फ्लेक्स बांधला, समोर स्वागतगीताच्या पोरींना गालिच्यावर बसवलं. चाचांनी सकाळीच खडे वेचले होते. दुपारी कार्यालयानं शोभेसाठी पांढरी खडी पसरली.

"साहेब, लई जवळ बसलेत सगळे," चाचा प्राचार्यांना म्हणाले.

"आता नको, चाचा. सहीचं तरी ध्यानात ठेवा."

"हाव, ध्यानात हाय," म्हणून चाचा मशीनपाशी जाऊन वाकले.

नारळ फुटला. सचिवांनी दोरी ओढली. टाळ्या झाल्या. दुसऱ्यांदा ओढली, टाळ्या जरा कमी झाल्या. सातव्यांदा फक्त प्राचार्यांनी वाजवली.

"नवं मशीन ना हे?" सचिव घाम पुसत म्हणाले.

"नवंच हाय, साहेब. प्लग माझ्यापाशी हाय." चाचांनी खिशावर हात ठेवला. "लेकरं मागं गेली की बसवतो. अन् तुमच्या पायात चप्पल हाय."

मला आठवतं ते एवढंच, की चाचांचा हात खिशावरून हलला नाही.

सचिवांनी आधी पोरींकडे, मग आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "तुम्हीच चालवा मग," म्हणाले.

पोरी मागे गेल्या. सोफा उचलून लिंबाखाली नेला. फ्लेक्स बांबूंना घट्ट बांधलेला, तो जागीच राहिला. चाचांनी पावलं मोजली, खडीही वेचली, प्लग बसवला. पण वेचूनही एक खडा राहिलाच. मशीन सुरू होऊन मिनिटही झालं नसेल, फाट् असा आवाज आला. फ्लेक्सवरच्या सचिवांच्या कपाळाला हरभऱ्याएवढं भोक पडलं होतं.

सचिव उठून फ्लेक्सपाशी गेले, भोकात करंगळीचं टोक घालून पाहिलं आणि गाडीत बसले. चार दिवसांनी सही झालेला कागद आला.

त्यानंतर तीन वर्षांनी गुडघे दुखतात म्हणून चाचांनी काम सोडलं. निरोपाला भाषणं झाली, कर्तव्यनिष्ठा वगैरे. त्यांनी प्लग माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "खिशात ठेवत जा, सर. टेबलावर नको."

फ्लेक्स अजून कामात आहे. गळक्या शेडमध्ये त्यानंच मशीन झाकतात. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी नेमकं प्लगच्या जागी टपकतं, त्यामुळे प्लग काढूनच ठेवावा लागतो.