बागसाहेबांचा ऑक्टोबर

ऑक्टोबर महिन्याला हुकूम सोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. बाळांनो, ही गोष्ट साठच्या दशकातली. तुमचे आजोबा पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि आम्ही कॉलनीत राहत होतो. हे शेजारी मूळचे कारखान्याच्या भांडारात. पण फाटकापासून कचेरीपर्यंतची हिरवळ आणि फुलझाडं सांभाळायचं काम अंगावर पडलं, आणि जो तो त्यांना बागसाहेब म्हणू लागला. खाकी हाफपँट, डोक्यावर सोला हॅट, गळ्यात शिट्टी. गुलाबाशी ते अहो-जाहो करत, हरळीला मात्र अरे-तुरे. बागेतलं फूल तोडायची कुणाची छाती नव्हती. एकदा मी अंबाड्यात शेवंती माळून निघाले, तर त्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "वहिनी, राग मानू नका, पण ही आमच्यापैकी तर नव्हे?"

त्यांचा वेद म्हणजे जुन्या बाजारातून आणलेलं बागकामाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. इंग्रजी त्यांना जेमतेम येई, म्हणून दर रविवारी ते आमच्या व्हरांड्यात येऊन बसत आणि मी त्या त्या महिन्याची कामं मराठीत सांगत असे. हे पुस्तक विलायतेच्या हवेसाठी आहे, असं मी परोपरीनं बजावलं. "झाडांत काय इंग्रज नि मराठी असतात का वहिनी?" असं म्हणून ते मलाच गप्प करत.

पुस्तकात लिहिलं होतं की ऑक्टोबरात झडलेली पानं गोळा करावीत. आपल्याकडची झाडं त्या दिवसांत पावसानं न्हाऊन टवटवीत उभी. पानं झडणार ती फाल्गुनात. बागसाहेबांनी गडी लावून गुलमोहर हलवला. चार पानं आणि कावळ्याचं एक रिकामं घरटं खाली आलं. खुरपणाऱ्या बायकांची म्होरकी रखमा कमरेवर हात ठेवून बघत होती. "सायेब, झाडाला काय भूत लागलंय व्हय?" बागसाहेबांनी चारही पानं स्वतः उचलली. संध्याकाळी मला हळूच म्हणाले, "वहिनी, खरंच कुठे इतकी पानं पडत असतील का हो, की गोळा करायला माणसं लावावी लागतात?"

पुढचं वाक्य जास्त महागात पडलं. ऑक्टोबरात गवत वाढायचं थांबतं, तेव्हा कापणी बंद करावी. त्यांनी बंद केली. इकडे परतीचा पाऊस आणि वर ऑक्टोबरचं ऊन! हिरवळ गुडघ्याला लागली. आणि नेमकं त्याच वर्षी मुंबईच्या मोठ्या साहेबांच्या मनात होतं की ही जागा मोकळी करून तिथे गोदाम बांधावं. ते दिवाळीनंतर पाहायला येणार होते. पण खंडेनवमीच्या दुपारी फोन आला की साहेब उद्या, दसऱ्याला सकाळीच येतायत.

बागसाहेबांचा चेहरा उतरला. कारण त्या सकाळीच त्यांनी गवत कापायचं यंत्र, कात्र्या, विळे, खुरपी, एवढंच काय पाण्याची झारीसुद्धा, हळदकुंकू वाहून पूजेला मांडली होती. मधोमध पुस्तक. दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

"घ्या की सायेब एक इळा," रखमा म्हणाली. "देवी काय रागवत न्हाई."

"आणि उद्या यंत्रानं तुझं बोट घेतलं म्हणजे? ते काही नाही!" ते हिरवळीच्या कडेला डोकं धरून बसले. "दहा वर्षांची बाग गेली रखमे."

तेवढ्यात रेल्वेपलीकडून मेंढरांचा आवाज आला. कोकणात उतरायला निघालेल्या धनगरांचा तळ पडला होता. बागसाहेब ताडकन उठले. "यांचे दात कुठे पूजेला लावलेत?"

उजाडेपर्यंत हिरवळ गालिच्यासारखी झाली. झेंडूची अख्खी रांगही गेली. मोठे साहेब मोटारीतून उतरले तेव्हा दोन मेंढरं अजून कचेरीच्या पायरीशी रवंथ करत होती आणि गवतभर लेंड्या पसरल्या होत्या.

"हे काय?" साहेबांनी बुटाकडे पाहत विचारलं.

"खत, साहेब," बागसाहेब छाती काढून म्हणाले. "कापणी आणि खत एकाच खर्चात."

साहेब आधी गोंधळले, मग इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "गोदाम मागे बांधा," ते जाताना म्हणाले. "पण पुढच्या वर्षी झेंडू वाचवा."

बागसाहेब निवृत्त होऊन गावी गेले तेव्हा ते पुस्तक मला देऊन गेले. ऑक्टोबरच्या प्रकरणावर अजून हळदीचं बोट आहे. पुढे ती हिरवळही मोटारी उभ्या करायला गेली. आणि आता बागसाहेबही नाहीत.

परवा विलायतेहून तुमचा फोटो आला. शाळेच्या आवारात, लालपिवळ्या पानांत तुम्ही दोघं गुडघाभर बुडालेले, मागे ती गोळा करणारी माणसं. शेजारच्या व्हरांड्यात हाक मारावी असं फार वाटलं: या हो बागसाहेब, पडतात. खरंच इतकी पडतात.