मधल्या खुर्चीवरची पर्स

“पिंकी, इकडे ये. त्या ताईंना आपली सर्दी नकोय.”

दवाखान्यात शेजारच्या बाई मुलीला हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू आलं. नाक वाहणारी पिंकी माझ्या तीन वर्षांच्या भाच्याला बिस्किट द्यायला आली होती, आणि मी मधल्या खुर्चीवर पर्स ठेवली होती.

आत भाच्याला तपासून डॉक्टर हसले. “बालवाडीचं पहिलं वर्ष ना? सर्दी-खोकला होणारच. अंग एकेका जंतूची ओळख करून घेतं, पुढच्या वेळी सावध राहतं. घरात कुणाला सर्दी होती?”

मला होती, चार दिवस. तरी मी त्याला कुशीत घेऊन झोपवत होते. माझ्या शिंकांचा मला संशयसुद्धा आला नाही. एवढंसं पोर अनोळखी जंतूंशी ओळख करून घेतं, आणि मी शाळेपासून अनोळखी माणसांना पर्सएवढ्या अंतरावर ठेवत आले.

औषध मिळेपर्यंत पुन्हा बाहेर पिंकी आणि त्या बाईंजवळच बसायचं होतं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे वाक्य नेहमीसारखं आधी इंग्रजीत सुचलं. मराठीत येईपर्यंत कान तापले. या वेळी मी पर्स मांडीवर घेतली.

“ताई, याला सर्दी माझ्याकडूनच झालीय. पिंकीला बसू द्या ना इथे.”