देवळातली तक्रारपेटी

श्रीयोगेश्वरीच्या चरणी मस्तक ठेवून, आणि जिच्या पाण्याने यंदा काठच्या माणसांना घराबाहेर काढले त्या गोदामाईलाही नमस्कार करून, हे लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, छावणीत सेवा केलेल्या प्रत्येकाने आपला अनुभव लिहून द्यावा, पुढे असे काम करणाऱ्यांना तो उपयोगी पडेल, अशी माझ्या पुतणीची विनंती आहे. इतरांनी काय चांगले झाले ते लिहिले असेल. माझ्याजवळ सांगण्यासारखी एक चूक आहे. ती माझी स्वतःची आहे, आणि जशी घडली त्याच क्रमाने सांगतो.

मी घाटनांदूरचा. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्त झाल्यापासून गावातली माणसे तिथी, मुहूर्त, सोयरसुतक विचारायला येतात आणि मी पंचांग पाहून सांगतो. माझी पुतणी मदतकार्याच्या देखरेखीचे व मूल्यमापनाचे काम करते. मदत वाटली एवढ्यावर तिचे काम संपत नाही. ज्याला हवी होती त्याला ती पोहोचली का, तिने त्याचे काही भले झाले का, आणि बिघडले तर देणाऱ्याला ते कळणार कसे, याची व्यवस्था ती आखते. देशाची सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत तिने अनेक वर्षे हेच केले आहे. यंदा गेवराई तालुक्यातले एक गाव पाण्याखाली गेले आणि सारी माणसे माळावरच्या देवळाभोवती पत्र्याच्या खोल्यांत राहायला आली, तेव्हा तिचा फोन आला.

"काका, परक्या देशात मला दुभाष्या लागायचा. इथं माझ्याच जिल्ह्यात मी प्रश्न विचारते आणि सगळे म्हणतात, समदं बरं हाय. तुम्ही या."

मी गेलो. तिची प्रश्नावली वाचली. 'मिळालेल्या मदतीबद्दल आपण समाधानी आहात का?' हा पहिलाच प्रश्न. मी तिला म्हणालो, "बाळ, ज्याच्या हातात तू दिलेले ताट आहे त्याला तू ताटाची चव विचारतेस. तो काय सांगणार?" मग आम्ही देवळाच्या ओट्यावर बसून सगळे प्रश्न नव्याने लिहिले. पाणी पुरते का, याऐवजी काल पाण्याला कोण गेलते आणि किती येळा, असे विचारायचे ठरले. माणूस मत देताना भिडस्त होतो, पण काल काय केले हे सरळ सांगतो. पुतणी भराभर लिहून घेत होती आणि मी, खरे सांगायचे तर, मनातून फुललो होतो.

नंतर तक्रारपेटीचा विषय निघाला. लिहिता न येणाऱ्यांसाठी तिने चित्रांची कार्डे केली होती. घागर म्हणजे पाणी, भाकरी म्हणजे अन्न, गोळी म्हणजे औषध. मागे खोलीचा आकडा. कार्ड पेटीत टाकायचे, आठवड्याने पेटी उघडायची, कोणत्या ओळीतून कशाबद्दल किती कार्डे आली याचा तक्ता करायचा, आणि त्यावरून काय दुरुस्त करायचे ते ठरवायचे. पेटी कुठे ठेवावी एवढेच अडले होते. तिने धान्यवाटपाच्या मंडपाची जागा योजली होती. पण तिथे दिवसभर गावच्या पुढाऱ्यांची माणसे खुर्च्या टाकून बसत. त्यांच्या डोळ्यांदेखत तक्रार कोण टाकणार?

"सभामंडपात ठेव," मी म्हणालो. "सकाळ-संध्याकाळ सारे दर्शनाला येतातच. देवासमोर कुणी कुणाला अडवणार नाही, आणि खोटेही टाकणार नाही."

तिने ते लगेच लिहून घेतले. "काका, हे मला सुचलं नसतं."

हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवले.

छावणीत चार ओळी होत्या. वरच्या तीन ओळींना टँकरचे पाणी होते. उताराच्या टोकाला असलेल्या खालच्या ओळीला जवळच्या जुन्या बोअरचे पाणी एका काळ्या टाकीत चढवून दिले होते. पहिल्या आठवड्यात पेटी भरून गेली. त्यात घागरीची कार्डे जास्त, आणि बहुतेक खालच्या ओळीची. पाण्याला वास येतो, असे त्यांचे म्हणणे. पुतणीने टाकीत औषधाची पूड टाकवली, वास गेला. दुसऱ्या आठवड्यात कार्डे थोडी आली. खालच्या ओळीचे तर एकही नव्हते. तक्त्यावरची रेघ खाली उतरली. तिने वर, मुख्य कचेरीला, अहवाल पाठवला, उपाय लागू पडला, पेटीची ही जागा इतरत्रही विचारात घ्यावी.

याच दिवसांतली एक गोष्ट मी पाहिली, आणि चुकीची वाचली. संध्याकाळच्या आरतीला प्रसाद उरू लागला. आधी पातेले खरवडून द्यावे लागे. आता पुजारी मलाच दोनदा देई. मला वाटले, धान्य घराघरात पोहोचले, पोटे भरली, म्हणून प्रसादाची ओढ कमी झाली. खालच्या अंगाने आरतीला कुणी चढून येताना दिसत नव्हते. तिकडच्या वाटेवर कुत्री बसलेली असत आणि माश्यांचा एक अखंड आवाज येई. दिवेलागणीला तिन्ही ओळींत गलबला असे, चौथी मात्र माणसे असूनही नसल्यासारखी. मी ते पाहत होतो आणि ओट्यावरून उठत नव्हतो.

तिसऱ्या आठवड्याला पेटी उघडली तर आत एकच कार्ड होते, तेही वरच्या ओळीतले, गोळीचे. पुजारी हसून म्हणाला, "देवानं ऐकलं समद्यांचं." मीही मान डोलावली. पुतणी कार्ड हातात धरून उभी होती.

"काका, खालच्या ओळीचं पुन्हा शून्य. मला शून्य आवडत नाही."

"का गं? तक्रार नसावी हीच तर तुझी इच्छा."

"दुसऱ्या छावणीत एकदा असंच शून्य आलं होतं. लोक सुखी नव्हते. घाबरलेले होते." तिने पेटीत पुन्हा हात घालून पाहिला. "इथं कुणाची भीती असेल?"

मी म्हणालो, इथे तर देव बसला आहे, भीती कसली? बोलून झाल्यावर माझे मलाच ते वाक्य बरे वाटले नाही. पण का, ते कळेना.

कळले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, संध्या करताना. साधारण नऊ दिवसांपूर्वी खालच्या ओळीतला एक ऊसतोडणी करणारा गडी माझ्याकडे आला होता. पायरीच्या खाली, लांब उभा राहिला होता.

"गुरुजी, चुलता गेला माझा."

"अरेरे. काय झाले होते?"

"जुलाब लागलते दोन दिस. वय बी झालतं. सुतक किती दिस धरावं?"

"दहा दिवस. देवळात यायचे नाही, देवाला शिवायचे नाही, दिवा लावायचा नाही." मी सवयीने विचारले होते, "भावकीची किती घरे आहेत इथे?"

"खालची समदी ओळ आमचीच की."

"मग त्या सर्वांना सुतक."

हे मी त्याला मायेने, नीट समजावून सांगितले होते. तो हात जोडून गेला होता. आणि त्या दिवसापासून त्या ओळीतल्या एकाही माणसाने देवळाची पायरी चढली नव्हती, कारण मी तसे सांगितले होते. पेटी पायरीच्या वर होती. तीही मीच ठेवायला लावली होती. सुतकाचे नियम मला बालपणापासून पाठ होते, आणि पेटीची जागा ठरवताना त्यातला एकही आठवला नव्हता.

मी तसाच ओल्या धोतराने उतार उतरू लागलो. पुतणी दिसली तिला हाक मारली. ती मागून आली.

त्या गड्याची आई खोलीच्या दाराशी बसली होती. मला पाहून तिने हात आडवा केला. "गुरुजी, तिथंच थांबा. इटाळ हाय."

"आजी, सारे बरे आहेत ना?"

"लई बरं हाय," ती म्हणाली. "पोटात काय ठरतच न्हाई, म्हणून पोटं लई हलकी हायत. दीर गेला. शेजारची दोघं निजून हायत. आन परवा सून बाळंत झाली, पोरगी झाली. आता सुतकावर सोयर."

"मग कार्ड का नाही टाकले?"

"कावून म्हंजे?" म्हातारी माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मीच वेडा. "पेटी कुठंशी हाय? देवळात. आमाला देवळात येऊ नका कुणी म्हणलं? तुमीच की, गुरुजी. आन बायांचे चार दिस तर तुमी धरलेच न्हाईत."

पुतणी हळूच म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं, आजी."

"दिलतं की. वरच्या ओळीतल्या बाईला घागरीचं कार्ड दिलतं. ती म्हणली, सुतकातल्या घरचा कागद देवाम्होरं कसा टाकू? पाण्याचं सांगायचं तर देव बाटतो, न्हाई सांगायचं तर माणूस मरतंय. तुमी शिकल्यालं हाव, तुमीच सांगा काय करावं."

पुतणी मला ओलांडून आत गेली. पुन्हा तिचा आवाज आला तेव्हा तो वेगळा होता. "काका, गाडी!"

आत बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. दोन दिवस तिलाही जुलाब होते, दूध आटले होते, आणि सासूने पोरीला त्याच टाकीचे पाणी साखर घालून कापसाच्या बोळ्याने पाजले होते. पोरगी रडत होती, पण रडण्याला आवाज नव्हता. नुसते तोंड उघडत होते.

आरोग्य केंद्राची गाडी आली. बाळंतिणीला आडवे केल्यावर आत थोडीच जागा उरली. पोरगी कुणी धरायची? आजीला स्वतःलाच उभे राहवत नव्हते आणि पुतणी सलाईनची बाटली धरून बसली होती. मी हात पुढे केले.

"गुरुजी, इटाळ व्हईल तुमाला," म्हातारी म्हणाली. पण देताना तिने हात मागे घेतला नाही.

गेवराईचा रस्ता मी पूर्वी कितीदा गेलो असेन. त्या दिवशी तो संपेना. वाळूने भरलेल्या हायवा गाड्या एकामागे एक उभ्या होत्या, पुढे कुठे काही अडले होते. आमचा चालक कर्णा वाजवत होता आणि पुढचा खाली उतरून त्याला शिव्या देत होता, "उडून जातो का बे?" मांडीवरची पोरगी पिसासारखी हलकी होती. तिची टाळू खोल गेली होती. मी जप करू लागलो आणि मध्येच विसरलो, कारण तिचा श्वास मोजायचा होता. एकदा तो इतका थांबला की मी पुतणीकडे पाहिले आणि तिने नजर फिरवली. मग पुन्हा आला.

पोरगी वाचली. आईही वाचली. हे लवकर सांगतो, कारण वाचणाऱ्याला अधिक ताटकळत ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण डॉक्टर बाई म्हणाल्या ते मी विसरलेलो नाही: आणखी एक दिवस गेला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. बोअरच्या पाण्याची तपासणी झाली. शौचालयाचा खड्डा उताराच्या वरच्या अंगाला होता आणि त्याचे पाझर थेट त्या बोअरला उतरत होते. पूड एकदाच टाकून वास मारला होता, बोअरमधून विष मात्र रोज चढत होते. टाकी त्याच दिवशी फोडली.

आम्ही पेटी हलवली नाही, काढूनच टाकली. आता दोन बाया रोज घरोघरी जाऊन विचारतात, आणि फेरी सुतकाच्या व सोयराच्या घरांपासून सुरू करतात. तो नियम मी लिहिला. ज्या घरी मरण आले किंवा जन्म झाला, तिथेच बिघाड आधी दिसण्याचा संभव, आणि तेच घर आमच्या रीतीने दहा दिवस गप्प बसलेले. मी सुतक मानतो, पुढेही मानीन. त्या दिवशी परतल्यावर स्नान केले. परंतु जी व्यवस्था दुःखातल्या माणसाला पायरी चढायला लावते, ती मी पुन्हा कुणाला सुचवणार नाही.

इथे हे संपले असते तर मला स्वस्थ झोप लागली असती. पण पुतणीचा दुसऱ्या आठवड्याचा अहवाल वर जाऊन पोहोचला होता, आणि वरच्यांना तो आवडला होता. नदीच्या खालच्या अंगाला आणखी छावण्या आहेत. तिथेही देवळाच्या सभामंडपात पेट्या ठेवल्या गेल्या. पुतणीने लगेच दुरुस्तीचे पत्र धाडले, फोन केले, घडलेले सारे कळवले. काल उत्तर आले. ते तिने मला वाचून दाखवले. त्या छावण्यांची पद्धत बदलण्याचे तूर्त कारण दिसत नाही, असे त्यात होते. तिथल्या पेट्यांत गेले दोन आठवडे एकही तक्रार आलेली नाही.

तिने कागद घडी करून ठेवला. मग तिने गाडीवाल्याला फोन लावला. उद्या सकाळी आम्ही निघत आहोत, आणि प्रत्येक छावणीत आधी खालच्या ओळीला जाणार आहोत. तिथे काय असेल ते मला ठाऊक नाही, आणि विचार करवत नाही.

वाचणाऱ्या, तुझ्या घरी जगदंबेची कृपादृष्टी राहो. तुझ्या घरच्या घागरीतले पाणी निर्मळ असो, पाळण्यातल्या लेकराचा आवाज खणखणीत असो. आणि ज्या दिवसांत तुला कुठे जाता येणार नाही, त्या दिवसांत तुझ्या दाराशी येऊन विचारणारे कुणी ना कुणी असो, हाच आशीर्वाद.