भरभर बोलणारे हात

गल्लीत त्यांना सगळे शूटिंगवाले म्हणत. उभं आयुष्य त्यांनी लोकांची लग्नं, वाढदिवस आणि शाळांची संमेलनं टिपण्यात घालवलं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा बाहेरची कामं सोडून त्यांनी पुढच्या खोलीत संगणक मांडला आणि लोकांच्या जुन्या कॅसेटी नव्या करून द्यायला सुरुवात केली. मागच्या खोलीत ताई, त्यांची थोरली बहीण, शिलाई मशीनवर बसलेली असायची. ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. भावाबहिणीचं बोलणं घरगुती खुणांवर चालायचं: चहा, जेवण, ये, जा, दार लाव, डोकं दुखतंय. त्याच्या पलीकडे फारसं कधी काही लागलं नाही. ताई मुळातच अबोल, असं घरात सगळे धरून चालले होते.

मग एकदा ताईची शाळेतली मैत्रीण राहायला आली. दोघी लहानपणी मूकबधिर मुलींच्या एका वसतिगृहात वाढल्या होत्या. ते वसतिगृह कधीच बंद पडलं, आणि तिथल्या मुलींची जी खुणांची भाषा होती ती आता या दोघींनाच येत होती. मैत्रीण उंबरठ्यावर असतानाच दोघी सुरू झाल्या. शूटिंगवाले बॅग हातात धरून बघत राहिले. ताईचे हात असे चालताना त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

त्यांची मुलगी मूकबधिर शाळेत शिकवायची. ती संध्याकाळी आली, थोडा वेळ बघत बसली आणि वडिलांना बाजूला घेऊन म्हणाली, की या भाषेतलं तिला जेमतेम निम्मं कळतंय, आजच्या मुलांच्या खुणा वेगळ्या आहेत. शिवाय मैत्रिणीची बोटं आखडत चालली होती. मुठी नीट मिटत नव्हत्या. जे काही टिपून ठेवायचं ते आत्ताच, असं मुलीचं म्हणणं पडलं.

शूटिंगवाल्यांना वाटलं, हा आपल्या डाव्या हातचा मळ. दोघींना समोरासमोर बसवून त्यांनी नेहमीच्या कॅमेऱ्यावर तासभर चित्रण केलं. मुलीने ते पडद्यावर मध्येच थांबवलं, तर बोटांच्या जागी नुसता धूर. एक बोट होतं की दोन, अंगठा आत होता की बाहेर, काही कळेना. दोष दुहेरी होता. सेकंदाला चित्रं कमी पडत होती, आणि जागा वाचवायला कॅमेरा प्रत्येक चित्र दाबून, बारीकसारीक गाळून साठवत होता. लग्नात ते चालून जायचं, कारण नवरीची बोटं कोणी मोजत बसत नाही. इथे मात्र सगळा अर्थच बोटांत होता.

मग त्यांनी हट्टच धरला. ओळखीच्या एकाकडून वेगवान कॅमेरा मागून आणला आणि तारेने सरळ संगणकाला जोडला. मोठं चित्र, सेकंदाला शंभराच्या वर फ्रेमा, आणि एकीतलाही कण गाळायचा नाही. पहिल्याच प्रयत्नात संगणकाने हात टेकले. फ्रेमा येत होत्या धबधब्यासारख्या आणि लिहिल्या जात होत्या थेंबाथेंबाने, त्यामुळे मधल्या कितीतरी गळाल्या. त्यातून ट्यूबलाइट. एरवी डोळ्याला शांत दिसणारा तिचा उजेड या वेगात भुतासारखा मिचमिचत होता.

वैतागून त्यांनी ताईला खूण केली: हळू. जरा हळू बोला.

ताईने मान हलवली. नाही. त्यांनी पुन्हा खूण केली. तेव्हा ती मुलीकडे वळली, आणि मुलगी एकेक खूण विचारून घेत सांगत गेली.

"बाबा, आत्या म्हणते, शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. ओठांनी बोला म्हणायचे. हात हलले की पट्टी बसायची. म्हणून या मुली बाकाखाली बोलायच्या. लहान लहान खुणा, आणि भरभर." मुलीने आत्याला आणखी एक खूण विचारली. "म्हणते, ज्या हळू बोलायच्या, त्या पकडल्या जायच्या."

मैत्रीण मान डोलावत होती. शूटिंगवाले चहाची खूण करून आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

त्यानंतर त्यांनी दोघींना हळू बोलायला सांगितलं नाही, संगणकालाच कामाला लावलं. ठाण मांडून बसले आणि अडतंय कुठे ते शोधलं. काही न गमावता फ्रेमांची घडी घालून त्या लहान करायच्या तर त्यालाही वेळ लागतो, आणि संगणक त्या घडीतच अडकत होता. त्यांनी घडी घालायचंच सोडलं. येईल ती फ्रेम तशीच्या तशी भरायची. त्यासाठी दोन वेगवान डिस्क जोडून लिहिण्याचं ओझं दोन्हींवर वाटून दिलं. संगणकावरचं बाकीचं सगळं बंद केलं. चेहरे आणि हात सोडून भोवतीची भिंत चौकटीतून कापली. खुर्च्या खिडकीशी ओढून भर दुपारच्या उन्हात चित्रण लावलं. डिस्क बघता बघता भरायच्या, म्हणून थोडं थोडं टिपायचं, तपासायचं, मग पुढचं. गळालेल्या फ्रेमांचा आकडा शून्यावर टिकला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

मैत्रीण गेल्यावर ते एकटेच ती चित्रणं संथ करून बघत बसायचे. मुलीने ताईला विचारून खाली अर्थ लिहून दिले होते. धूर गेला होता. करंगळी वाकताना तिच्यावरची सुरकुतीसुद्धा दिसत होती. आणि त्यांची अबोल बहीण पडद्यावर मुख्याध्यापिकेची नक्कल करत होती, चष्म्यासकट. स्वयंपाकघरातल्या राजकारणावर टोमणे मारत होती. एका मुलीच्या आजारपणाबद्दल सांगताना तिचे हात मांडीवर पडले आणि कितीतरी फ्रेमा तसेच पडून राहिले. एके ठिकाणी एक डोळा मिटून गालाशी कॅमेऱ्यासारखी मूठ धरायची खूण वारंवार येत होती. खाली लिहिलं होतं: धाकटा भाऊ. हे आपलं नाव आहे हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं. बिचाऱ्याला बोलता येत नाही, पण मनाने चांगला आहे, असं ताई मैत्रिणीला सांगत होती. ते मोठ्याने हसले, आणि मग चष्मा काढून पुसत बसले.

मुलीने ती चित्रणं शाळेत दाखवली, तेव्हा तिच्या वर्गाने मुख्याध्यापिकेची नक्कल पुन्हा पुन्हा लावायला लावली. चष्म्याची ती खूण आता तिथल्या एका सरांना नाव म्हणून चिकटली आहे म्हणतात.

शूटिंगवाले दुपारी मागच्या खोलीत जाऊन ताईकडून खुणा शिकायला लागले. बोटं जाड, सवय नाही. ताई कपाळाला हात लावायची आणि पुन्हा दाखवायची. एका दुपारी त्यांनी पहिलं सबंध वाक्य जुळवलं: ती आजारी मुलगी, तिचं पुढे काय झालं?

ताईने मशीनवरून पाय काढला, सुई वर उचलली आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग ती सांगायला लागली. त्यांना अर्धंमुर्धंच कळत होतं, पण त्यांनी तिला थांबवलं नाही.