यादी खालून वाचा

टेलिफोनचा शोध कुणी लावला ते पुस्तकात जे असेल ते असो; त्याच्यावर बोलावं कसं याचा शोध मात्र आमच्या तालुक्याच्या एक्स्चेंजमधल्या मोठ्या बाईंनी लावला, याबद्दल मला तिळभरही शंका नाही. मी मूळची उमरीची. नांदेडला टेलिफोन ऑपरेटरचं ट्रेनिंग घेतलं आणि लातूर जिल्हा नवा नवा झाला त्या दिवसांत एका लहानशा तालुक्याच्या गावी शिकाऊ म्हणून रुजू झाले. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक चोपडं पाठ करायला दिलं होतं. 'नंबर सांगा', 'कृपया थांबा', 'लाईन बिझी आहे', 'तीन मिनिटे झाली' अशी पंधरा-वीस वाक्यं. माणसाच्या आयुष्यातला कुठलाही प्रसंग या वाक्यांत बसतो, असं आमच्या सरांचं ठाम मत होतं आणि मलाही ते पटलं होतं. ती वाक्यं घेऊन, इस्त्रीची साडी नेसून, मी मोठ्या ऐटीत बाईंसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "नमस्कार. आपली काय सेवा करू?" बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "जेवलीस का?" हे वाक्य चोपड्यात नव्हतं. माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं. आणि त्या शिक्षणाची सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे बाईंची नोकरी जायची वेळ आली तो प्रसंग. तो सांगणारच आहे, पण बाई कशा होत्या ते आधी कळायला हवं.

त्यांना मोठ्या बाई म्हणायचे, कारण एक्स्चेंजात दुसऱ्या बाईच नव्हत्या. मी गेले आणि आपोआप लहान बाई झाले. डोक्यावरचा हेडसेटचा पट्टा नीट बसावा म्हणून बाई अंबाडा मधोमध न बांधता डाव्या कानामागे बांधत, आणि सुट्टीच्या दिवशीही तो तिथेच असे. गावात चाळीसेक टेलिफोन होते, आणि त्या चाळीस घरांतल्या मालकांपासून मोलकरणींपर्यंत सगळ्यांचे आवाज बाईंना पाठ होते. अडचण अशी, की चेहरा एकही पाठ नव्हता. बाजारात कुणी हसून नमस्कार केला, तर बाई तितक्याच प्रेमाने म्हणत, "आधी काहीतरी बोला, मग वळखते." एका लग्नात गावचे डॉक्टर त्यांच्याच पंगतीत हौसेने बुंदी वाढत होते. बाईंनी त्यांना वाढपी समजून दोनदा वरण मागितलं. शेवटी डॉक्टर खाकरले. बाई तीन ताड उडाल्या. "अगंबाई! डॉक्टरसाहेब तुम्ही! रात्रीचा खोकला अजून हायेच का?"

'मुख्तसर' हा त्यांचा लाडका शब्द. म्हणजे थोडक्यात. त्यांचे वडील निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते, त्यांच्याकडून बाईंना वारशात हा एक शब्द आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि दोन्ही त्यांनी आयुष्यभर वापरली. मी सुरुवातीचे दोन महिने त्यांच्याच घरी राहिले. त्यांचे मिस्टर शाळेत इतिहास शिकवायचे. जेवताना ते रंगात येऊन शाळेतलं काही सांगायला लागले, की बाई भाकरी थापता थापता म्हणत, "तीन मिनिटं झाली." मिस्टर बिचारे सवयीने, "अजून तीन वाढवा," म्हणायचे आणि पुढे बोलायचे. दोघांत भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही.

पण बाईंची खरी कमाल पाहायची तर एक्स्चेंजच्या बाकावर. खेड्यापाड्यांतली माणसं ट्रंक कॉल, म्हणजे तीन मिनिटांच्या दराचा परगावचा कॉल, लावायला यायची. बहुतेकांचा तो जन्मातला पहिला नाहीतर दुसरा कॉल. रिसीव्हर हातात आला की घाम फुटायचा, दोन मिनिटं 'हॅलो, हॅलो' करण्यात जायची आणि तिसऱ्या मिनिटाला बैलाची तब्येत. म्हणून बाई कुणालाही सरळ लाईन देत नसत. आधी बाकावर बसवून तालीम! एक म्हातारबाबा नांदेडला कॉलेजात असलेल्या पोराशी बोलायला आले होते. बाई म्हणाल्या, "बाबा, मी तुमचा पोरगा. बोला." बाबांनी पाऊस, म्हैस, भावकीतला बांध, पुन्हा म्हैस असं सगळं सांगितलं आणि जाता जाता पोराची आई अंथरुणाला खिळलीय हे सांगितलं. बाई म्हणाल्या, "ह्यात सांगायचं एकच हाय. 'आईला बरं न्हाई, आजच्या गाडीनं ये.' म्हना." बाबांनी पाचदा म्हणून पाहिलं. सहाव्यांदा डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "पन म्हशीचं?" "म्हशीचं पत्रात लिवा." तेवढं बोलून बाबा एका मिनिटात मोकळे झाले आणि उरलेली दोन मिनिटं रिसीव्हर कानाला लावून नुसते हसत राहिले. नांदेडच्या वर्गात आम्हाला बोलायला शिकवलं होतं. बोलण्यातलं काय गाळायचं हे मी त्या बाकावर शिकले, आणि रोज संध्याकाळी खोलीवर जाऊन वहीत उतरवून काढत होते. त्या वह्या भरताना मला जो आनंद झाला, तो पुढे पगार वाढल्यावरही झाला नाही.

आता त्यांची वाईट खोड. चोपड्यातला पहिला नियम होता: दोघांच्या बोलण्यात ऑपरेटरने बोलायचं नाही. लाईन चालू आहे का एवढं तपासावं आणि बाजूला व्हावं. बाई तपासायला कान लावत आणि मग त्यांना राहवत नसे. उदगीरच्या एका आडत दुकानाच्या मालकांचा लातूरच्या व्याह्यांशी, म्हणजे होऊ घातलेल्या व्याह्यांशी, कॉल आमच्याकडून जोडला होता. दोघेही मोठे अदबीचे. "तुमी म्हणाल तसं अप्पा." "छे छे, तुमी म्हणाल तसं." असं चार वेळा झालं. माझ्यासमोर बाईंनी बोर्डावरची बोलायची चावी दाबली आणि मध्येच म्हणाल्या, "अप्पा, मुलगी पसंत हाय का न्हाई तेवढं बोला. लाईन तुटायलीय." मग दोन्ही अप्पा एका सुरात म्हणाले, "पसंत हाय!" पुढच्या आठवड्यात पेढ्यांचा पुडा आला, वर चिठ्ठी: 'टेलिफोनवाल्या ताईंस.' मी भीत भीत म्हणाले, "बाई, हे नियमात बसत नाही." बाई पेढा खात म्हणाल्या, "मला ठावं हाय. एक दिस पकडतील." इतक्या आनंदात त्या हे म्हणाल्या की मीही दुसरा पेढा घेतला.

नव्या जिल्ह्याचं तर त्यांना असं वेड लागलं होतं, जसा काही तो त्यांनीच मागून आणलाय. जिल्हा झाला त्या सकाळी त्यांनी गावातले चाळीसही टेलिफोन एकेक करून वाजवले आणि प्रत्येकाला सांगितलं, "अभिनंदन! आजपास्नं तुमी लातूर जिल्ह्यात." कापड दुकानदार घाबरून म्हणाले, "काय कागदपत्र करावं लागतंय का?" रोज नवी कचेरी, नवा साहेब, नवा नंबर. बाई हिरव्या शाईने नंबर लिहून भिंतीवर चिकटवत आणि मला नव्या साहेबांचे आवाज समजावून सांगत. आम्ही दोघी त्या दिवसांत अक्षरशः हवेत होतो.

आणि मग पाऊस फिरकलाच नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मार्च उजाडायच्या आत विहिरींचे तळ दिसले आणि टँकर सुरू झाले. रोज दुपारी बारा वाजता तहसीलमधले एक कारकून जिल्ह्याच्या ठिकाणी, टँकर बघणाऱ्या साहेबांना कॉल लावून गावांची यादी वाचत. यादी सडकेकडच्या गावांपासून सुरू व्हायची आणि आतल्या वाड्या-तांड्यांवर संपायची. म्हणजे संपायला हवी होती. कारकून अतिशय सभ्य. आधी साहेबांची तब्येत, मग लातूरचं ऊन, मग यादी. लाईनी दोनच, मागे इतर तालुके ताटकळलेले. शेवटची चार नावं आली की साहेब म्हणत, "बाकीची उद्या घेऊ." आणि उद्या यादी पुन्हा पहिल्यापासून! साहेब वाईट नव्हते, कारकून तर नव्हतेच. पण चार दिवस ती चार वस्त्यांची नावं तारेवरून गेलीच नाहीत. त्यातल्या एका वाडीचे पाटील एक्स्चेंजात येऊन बसायचे. नुसते माठाकडे बघत बसायचे.

पाचव्या दिवशी कारकुनांनी तब्येत विचारली, उन्हाबद्दल बोलले, आणि 'यादी वाचतो साहेब' म्हणाले, तेव्हा बाईंनी चावी दाबली.

"यादी खालून वाचा," बाई म्हणाल्या.

"कोण बोलतंय?" साहेब.

"एक्स्चेंज. खालची चार गावं चार दिस झाले ऱ्हायलीत साहेब. आज खालून वाचा, वरची उद्या."

मग कारकुनांनी कापऱ्या आवाजात खालून वाचायला सुरुवात केली, आणि साहेबांनी लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी चारही ठिकाणी टँकर पोचले. ते कळल्यावर आम्ही दोघींनी एक्स्चेंजचं दार लावून अक्षरशः फुगडी घातली, आणि बाईंचा अंबाडा त्या दिवशी पहिल्यांदा सुटला.

पंधरा दिवसांनी तक्रार आली. सरकारी बोलण्यात ऑपरेटर कान देते आणि तोंडही घालते. नोकरीतून काढतात की काय, हीच चर्चा गावभर. मी माझं सगळं शिक्षण पणाला लावून चार पानांचं निवेदन लिहिलं: दुष्काळ, मानवता, पस्तीस वर्षांची सेवा. बाईंनी ते शांतपणे वाचलं, पेन घेतलं आणि एकेक ओळ खोडत गेल्या. शेवटी पानावर राहिलं ते एवढंच: 'होय, मी बोलले.' मी रडकुंडीला आले. "बाई, अशाने नोकरी जाईल!" "जाऊ दे की. पन खोटं काय लिवू?"

चौकशीला नांदेडहून एक वयस्क सुपरवायझर आले. बाईंनी त्यांना ओळखलं नाही, त्यांनी बाईंना ओळखलं नाही. त्यांनी कागद काढून विचारलं, "तुम्ही बोललात?" बाई म्हणाल्या, "हाव." आणि त्या एका शब्दावर दोघांचेही चेहरे फुलले. वीस वर्षं रोज एकमेकांना लाईन जोडून दिलेली माणसं ती! "अहो, त्या तुम्हीच का?" "आन् तुमी नांदेड!" पुढचा अर्धा तास चौकशी बाजूलाच राहिली. जाताना मात्र सुपरवायझर गंभीर झाले. नोकरी त्यांनी वाचवली, पण कागदावर लिहावंच लागलं: यापुढे बाईंना बोर्डावर बसवू नये. हेडसेट माझ्या डोक्यावर आला आणि बाई समोरच्या टेबलावर कॉलची तिकिटं लिहायला बसल्या. मला खुर्चीवर बसताना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि बाई मात्र मला शिकवायलाच उत्साहात होत्या. "पट्टा जरा माघं घे. कान दुखतो." दुपारी बारा वाजले की नुसत्या भुवया उडवून विचारायच्या. मी मान डोलवायची. तहसीलचे कारकून आता आपणहून एक दिवस वरून आणि एक दिवस खालून वाचत होते.

मे महिन्यात ते कारकून रजेवर गेले. बदली आलेल्या माणसाने यादी वरून वाचली, दुसऱ्या दिवशीही वरून, तिसऱ्या दिवशीही. शेवटची चार पुन्हा राहिली. तिसऱ्या दिवशी साहेब "बाकीची उद्या" म्हणाले, तेव्हा माझं बोट चावीवर होतं. बाई समोरून बघत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं, तेही चांगलं पाठ असलेलं. मला घरची माणसं आठवली, नवी नोकरी आठवली, तो चौकशीचा कागद आठवला. मी बोट काढून घेतलं आणि लाईन तोडली.

बाईंनी तिकिटाच्या वहीवर पेन ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि भर दुपारी बाहेर पडल्या. तहसील गावाच्या दुसऱ्या टोकाला. एका तासाने लालबुंद होऊन परत आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि पुन्हा वही ओढून घेत म्हणाल्या, "सांगून आले. तू वाईट वाटून घेऊ नको, पोरी. तुजी नोकरी नवी हाय." तहसीलमधून पुन्हा कॉल लावून खालची चार नावं गेली, आणि त्या संध्याकाळी टँकर गेले. रजेवरचे कारकून परत येईपर्यंत बाई रोज बारा वाजता चालत तहसीलला जात राहिल्या, आणि मी रोज त्यांना दारातून जाताना बघत राहिले.

पुढे ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं, बाई निवृत्त झाल्या, आणि माझी नांदेडला ट्रेनिंग सेंटरवर शिक्षिका म्हणून नेमणूक झाली. मी खूप मुलींना बोलायला शिकवलं. त्या मला फार हुशार समजायच्या. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही. निरोप समारंभात साहेबांनी त्याचं खास कौतुक केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला मात्र त्या टाळ्यांत मान वर करता येईना.